चुकून मागितलेला ईआरसी परत करताना

न्यू जर्सीत आमची छोटी आयटी कन्सल्टिंग कंपनी आहे. पेरोलवर अकरा कर्मचारी, शिवाय मालक म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको. एप्रिल २०२३ मध्ये एका एजन्सीमार्फत आम्ही २०२१ च्या पहिल्या तीन तिमाह्यांसाठी एम्प्लॉयी रिटेन्शन क्रेडिट, म्हणजेच ईआरसी, मागितलं. ते आम्हाला लागूच नव्हतं. ही चूक दुरुस्त करायला नोव्हेंबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ असे दहा महिने लागले. इथल्या मराठी मंडळींच्या अनेक छोट्या कंपन्यांना तेव्हा असेच फोन येत होते. काहींचे क्लेम अजून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याकडे, पडून आहेत, काहींनी पैसे घेतलेत आणि आता धास्ती वाटतेय. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

आधी या क्रेडिटबद्दल थोडं. मार्च २०२० च्या केअर्स कायद्यातून ते आलं. कोविडमध्ये धंदा अडला तरी ज्यांनी माणसांना पगारावर ठेवलं, त्यांच्यासाठी ते होतं. २०२० साली माणशी वर्षभरात १०,००० डॉलरपर्यंतच्या पगारावर ५० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ५,००० डॉलर. २०२१ मध्ये दर तिमाहीला १०,००० डॉलरपर्यंतच्या पगारावर ७० टक्के, म्हणजे माणशी तिमाहीला ७,००० डॉलर. आयटीत तिमाहीचा पगार दहा हजारांच्या वरच असतो, त्यामुळे प्रत्येक माणसामागे पूर्ण सात हजारांचा आकडा बसतो. एजन्सीने तेरा जण धरले, तिमाहीला ९१,००० डॉलर झाले आणि तीन तिमाह्यांचे २,७३,०००. एवढा मोठा आकडा समोर आल्यावर पात्रतेचे प्रश्न जेवढ्या बारकाईने विचारायला हवेत, तेवढे आम्ही विचारले नाहीत.

पात्रतेचे मुख्य मार्ग दोनच. सरकारी आदेशामुळे धंदा पूर्ण किंवा अंशतः बंद ठेवावा लागला, हा एक. २०१९ च्या त्याच तिमाहीच्या तुलनेत जमा, म्हणजे धंद्यात आलेली एकूण रक्कम, खूप घटली, हा दुसरा. एजन्सीने आमच्या फायलीत पहिला मार्ग दाखवला होता आणि त्यासाठी तीन कारणं दिली होती: न्यू जर्सीचा २१ मार्च २०२० चा कार्यकारी आदेश १०७, ओशा या कामगार-सुरक्षा खात्याच्या सूचना आणि पुरवठा साखळीतला अडथळा.

तिन्ही कारणं आमच्या बाबतीत टिकत नव्हती. आदेश १०७ ने जिथे शक्य असेल तिथे घरून काम करू द्या असं सांगितलं होतं. आमची माणसं दुसऱ्या दिवसापासून घरून तेच काम तितक्याच वेळात करत होती. घरून काम सारख्याच पद्धतीने चालू राहिलं असेल, तर आयआरएसच्या नियमांप्रमाणे त्याला ‘अंशतः बंद’ म्हणत नाहीत. ओशाच्या सूचना या मार्गदर्शक सूचना, धंदा थांबवणारा सरकारी आदेश नव्हे. राहिली पुरवठा साखळी. त्यासाठी आपल्या पुरवठादाराचा धंदा नेमक्या कोणत्या सरकारी आदेशाने थांबला आणि त्यामुळे आपलं काम का थांबलं, हे कागदावर दाखवावं लागतं. आयआरएसने जुलै २०२३ मध्ये यावर स्वतंत्र कायदेशीर मत प्रसिद्ध केलं. लॅपटॉप उशिरा मिळाले एवढ्यावर भागत नाही.

दुसरा मार्ग आम्ही नंतर स्वतः तपासला. तुम्हीही आजच तपासू शकाल, क्विकबुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून दोन रिपोर्ट काढले की होतं. २०२१ साठी तिमाहीची जमा २०१९ च्या त्याच तिमाहीच्या ८० टक्क्यांहून कमी हवी. २०२० साठी ती ५० टक्क्यांहून कमी हवी. २०१९ च्या पहिल्या तिमाहीत आमची जमा ६,१२,००० डॉलर होती, २०२१ च्या पहिल्या तिमाहीत ५,८८,०००. म्हणजे ९६ टक्के. पात्र ठरायला ती ४,८९,६०० च्या खाली जायला हवी होती. २०२१ साठी आधीची तिमाही धरून तुलना करण्याचीही सोय होती, तीही पाहिली. तिथेही बसलो नाही. एजन्सीने ही आकडेमोड कधी मागितलीच नव्हती, आणि तेवढ्यावरूनच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

आणखी एक चूक सापडली. कंपनी पात्र असती तरीही ती चूकच ठरली असती. तेरा जणांत आम्हा दोघांचे पगार धरले होते. निम्म्याहून जास्त मालकी असलेल्या माणसाचा पगार बहुतेक घरांत या क्रेडिटला चालत नाही, कारण आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यातलं कुणी हयात असेल तर कायद्याच्या नात्यांच्या नियमाने मालकी त्यांचीही धरली जाते आणि मालक ‘नातेवाईक’ ठरतो. जोडीदाराचा पगारही त्याच वाटेने बाहेर जातो. घरगुती कंपन्यांच्या क्लेममध्ये ही चूक सर्रास सापडते. आयआरएसच्या नोटीस २०२१-४९ मध्ये ते उदाहरणांसह दिलं आहे.

पहिल्या तिमाहीचा चेक २९ ऑगस्ट २०२३ ला आला. व्याज धरून ९१,००० च्या थोडा वर. आम्ही तो बँकेत भरला आणि एजन्सीला ठरल्याप्रमाणे २० टक्के, म्हणजे १८,२०० डॉलर दिले. दोन आठवड्यांनी, १४ सप्टेंबरला, चुकीच्या क्लेमचा पूर आल्यामुळे आयआरएसने नवीन ईआरसी क्लेमवर काम थांबवल्याचं जाहीर केलं. आधी आलेल्या क्लेमवर काम चालू राहणार होतं, पण जास्त कसून आणि जास्त वेळ घेऊन. त्यांनी दिलेली धोक्याची लक्षणं वाचताना एकेक आमच्याच फायलीतली निघाली, तेव्हा पोटात गोळा आला. १९ ऑक्टोबरला क्लेम मागे घेण्याची पद्धत जाहीर झाली आणि निदान काही करता येईल हे कळलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पेरोल टॅक्सचं काम नेहमी करणाऱ्या एका सीपीएकडे, म्हणजे परवानाधारक हिशेबनीसाकडे, गेलो. ईआरसी तपासायला टक्केवारीत फी मागणारा माणूस नको, ठरावीक रकमेवर काम करणारा हवा. सगळं मिळून त्यांची फी ४,००० डॉलर झाली. पहिलं काम फॉर्म २८४८ चं, म्हणजे त्यांना आमच्या वतीने आयआरएसशी बोलण्याचा अधिकार देण्याचं. इथे एक लक्षात ठेवा. बहुतेकांच्या सीपीएकडे २८४८ असतो, पण तो इन्कम टॅक्सपुरता. त्यात फॉर्म ९४१ (पगारावरच्या करांचं तिमाही रिटर्न) आणि त्या-त्या तिमाह्या लिहिलेल्या नसतील, तर फोनवरचा कर्मचारी एक शब्दही सांगत नाही.

मग प्रत्येक तिमाहीचं ९४१ चं अकाउंट ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे आयआरएसकडच्या खात्याचा उतारा, काढलं. ८४६ हा कोड म्हणजे रिफंड निघाला, ७७६ म्हणजे त्यावर व्याज जमा झालं. पहिल्या तिमाहीवर दोन्ही कोड होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीवर काहीच नव्हतं. ट्रान्सक्रिप्टशिवाय पुढे जाऊ नका, कारण कोणता रस्ता धरायचा हे पैसा नेमका कुठे आहे यावर ठरतं, आणि ते प्रत्येक तिमाहीसाठी वेगळं असतं. आम्ही सुरुवातीला तिन्ही क्लेम एकाच पत्रात मागे घ्यायला निघालो होतो. तसं केलं असतं तर सगळंच अडकून पडलं असतं.

सगळ्यात सोपी तिसरी तिमाही. तिच्यावर आयआरएसने अजून काही दिलं नव्हतं. क्लेम मागे घ्यायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: क्लेम ९४१-एक्सवर (किंवा ९४३-एक्स, ९४४-एक्ससारख्या दुरुस्ती फॉर्मवर) केलेला असावा, त्या फॉर्मवर ईआरसीशिवाय दुसरी कुठलीही दुरुस्ती नसावी, पूर्ण रक्कम मागे घ्यायची असावी, आणि पैसे आलेले नसावेत किंवा आले तरी चेक बँकेत भरलेला नसावा. पद्धत इतकी साधी की आम्ही ती दोनदा वाचली. भरलेल्या ९४१-एक्सच्या प्रतीच्या पहिल्या पानावर डाव्या समासात इंग्रजीत ‘विथड्रॉन’ लिहायचं. उजव्या समासात अधिकार असलेल्या व्यक्तीने सही करायची, तारीख घालायची आणि शेजारी नाव व हुद्दा लिहायचा. मग ते आयआरएसने त्यासाठी दिलेल्या फॅक्स नंबरवर पाठवायचं. नंबर त्यांच्या ईआरसीच्या पानावर आहे, तिथूनच घ्या, कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला वापरू नका.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्याकडे ९४१-एक्सची प्रतच नव्हती, ती एजन्सीकडे होती. तीन ईमेल आणि एका रजिस्टर्ड पत्रानंतर अकरा दिवसांनी ती मिळाली. प्रत हातात आल्यावर दिसलं की पाचव्या भागात फी घेऊन फॉर्म भरणाऱ्याने जिथे नाव आणि सही द्यायची असते, ती जागा कोरी होती. कागदावर सही फक्त आमची. म्हणून सांगतो, कुणीही तुमच्यासाठी काही फाइल केलं की त्याच दिवशी पूर्ण प्रत मागून घ्या.

३० नोव्हेंबरला फॅक्स केला. फॅक्स पोचल्याची पावती छापून ठेवली, पान क्रमांक आणि वेळेसकट. पुन्हा पाठवायचा मोह झाला, पण एकाच तिमाहीची दोन पत्रं फिरायला लागली की गोंधळ होतो, म्हणून थांबलो. स्वीकारल्याचं पत्र ११ एप्रिल २०२४ ला आलं. ते हातात पडेपर्यंत क्लेम मागे घेतला गेलेला नसतो, एवढं ध्यानात ठेवा. स्वीकारला गेला की तो कधी केलाच नव्हता असं धरलं जातं. दंड नाही, व्याज नाही.

दुसऱ्या तिमाहीचा चेक नेमका याच धावपळीत, १२ डिसेंबरला, पोस्टात आला. बँकेत भरला नाही, पण नुसता कपाटात ठेवणं हाही उपाय नव्हता. ट्रेझरीचा चेक वर्षभराने बाद होतो, क्लेम मात्र आयआरएसच्या वहीत दिलेला म्हणूनच राहतो. अशा चेकसाठी वरच्यासारखंच ‘विथड्रॉन’ लिहिलेलं पान तयार करायचं, पण फॅक्स करायचा नाही. चेकच्या मागे, सही करतो त्या जागी, ‘व्हॉइड’ लिहायचं. ‘ईआरसी विथड्रॉवल’ असं शीर्षक देऊन चेक परत का करतोय याची दोन ओळींची चिठ्ठी जोडायची. चेकची पुढची-मागची प्रत, पान आणि चिठ्ठी आपल्याकडे ठेवायची. चेकला स्टेपल, क्लिप काही लावायचं नाही, घडीही घालायची नाही. मोठं पाकीट घ्या. हे सगळं सिनसिनाटी, ओहायो इथल्या रिफंड इन्क्वायरी युनिटच्या पोस्ट बॉक्सवर जातं. पोस्ट बॉक्स असल्यामुळे खासगी कुरिअर तिथे पोचवत नाही. आम्ही पोस्टाच्या सर्टिफाइड मेलने पोचपावतीसह पाठवलं, नऊ डॉलरच्या आसपास खर्च आला. हिरवी पोचपावती २६ डिसेंबरला परत आली. मार्चमध्ये ट्रान्सक्रिप्टवर ८४१ हा कोड दिसला, म्हणजे रिफंड रद्द झाला. पत्र त्यानंतर सात आठवड्यांनी आलं. पत्राआधी ट्रान्सक्रिप्ट बोलतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी बघत राहा.

पहिली तिमाही अवघड होती, कारण तिचे पैसे खात्यात आले होते आणि एजन्सीची फी गेली होती. २१ डिसेंबर २०२३ ला आयआरएसने स्वेच्छेने चूक कबूल करण्याची योजना आणली. मुदत २२ मार्च २०२४. अट अशी की त्या तिमाहीचा हक्क शून्य आहे असं मान्य करायचं, आणि आयआरएसची चौकशी किंवा परतफेडीची मागणी आधीच सुरू झालेली नसावी. मिळालेल्या क्रेडिटच्या ८० टक्केच परत करायचे होते. अनेकांचा मोठा हिस्सा एजन्सीच्या फीमध्ये गेला आहे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आमच्या ९१,००० चे ८० टक्के ७२,८००, आणि फी देऊन आमच्याकडे उरले होते तेही बरोबर ७२,८००. रिफंडवर आलेलं व्याज परत मागितलं नाही, पण ते उत्पन्नात दाखवावं लागतंच.

अर्ज फॉर्म १५४३४ वर, आयआरएसच्या डॉक्युमेंट अपलोड टूलमधून. सही शपथेवर असते, त्यामुळे प्रत्येक आकडा ट्रान्सक्रिप्टशी ताडून पाहा. ज्याने क्लेम करून दिला त्याचं नाव, पत्ता, फोन आणि त्याने काय काम केलं हेही लिहावं लागतं. ते लिहिताना हात थबकला, पण लपवायचं तर अर्ज करण्यातच अर्थ नव्हता. २०२० च्या तिमाह्या असत्या तर फॉर्म एसएस-१० हे आयआरएसला कर ठरवायला जास्त मुदत देणारं संमतिपत्रही जोडावं लागलं असतं. आम्ही २६ जानेवारीला अपलोड केलं. मे महिन्यात एका अधिकाऱ्याचा फोन सीपीएंना आला, जूनमध्ये करारपत्र आलं.

परत सही करून पाठवण्याआधी पूर्ण रक्कम ईएफटीपीएसने, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कर भरण्याच्या यंत्रणेने, भरायची होती. तिथे खातं नसेल तर आधीच उघडा, कारण पिन पोस्टाने येतो आणि त्यात आठवडा जातो. शिवाय व्यवहार आदल्या दिवशी पूर्व किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे रात्री आठच्या आत नोंदवावा लागतो. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत सप्टेंबरात आली. त्या दिवशी जिवात जीव आला.

मधल्या काळात एजन्सीने दुसऱ्या तिमाहीची फीही मागितली. रिफंड ‘निघाला’ म्हणून १८,२०० डॉलर द्या, असं त्यांचं म्हणणं. करारात शब्द रिफंड ‘मिळाल्यावर’ असा होता, आणि चेक आम्ही परत केला होता. वकिलाच्या एका पत्राला ६५० डॉलर लागले आणि मागणी थांबली. पहिली फी मात्र परत मिळाली नाही. करार सही करण्याआधी तीन गोष्टी शोधा: फी कोणत्या क्षणी लागू होते, क्लेम नाकारला किंवा मागे घेतला तर फी परत मिळते का, आणि चौकशी आली तर ते उभे राहणार का. अशा एजन्सीविषयी फॉर्म १४२४२ वर आयआरएसला कळवता येतं.

इन्कम टॅक्सची बाजू बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ईआरसी घेतला की तेवढा पगाराचा खर्च त्या वर्षाच्या रिटर्नमधून कमी करायचा असतो, म्हणजे २०२१ चं कंपनीचं रिटर्न ११२०-एस सुधारायचं, मग भागधारकांच्या वाट्याचे के-१, मग घरचं रिटर्न १०४०. एजन्सीने आम्हाला हे सांगितलंच नव्हतं आणि आम्ही ते केलं नव्हतं, त्यामुळे उलट फिरवायचं काही नव्हतं. स्वेच्छा योजनेतल्या तिमाहीसाठी खर्च कमी करायची गरजही नव्हती. तुम्ही खर्च आधीच कमी केला असेल आणि आता क्लेम मागे घेत असाल, तर तो पुन्हा वाढवून घ्या, नाहीतर नसलेल्या उत्पन्नावर टॅक्स भरलेला राहतो. राज्याचं रिटर्नही सोबत बघा.

आता या वाटेला लागणाऱ्यांसाठी चित्र थोडं बदललं आहे. दुसरी स्वेच्छा योजना १५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर २०२४ अशी होती, फक्त २०२१ साठी आणि ८५ टक्के परतफेडीची. तीही संपली. पैसे खात्यात गेले असतील तर आता स्वतः ९४१-एक्स भरून पूर्ण रक्कम परत करायची. पहिल्या भागात ‘अॅडजस्टेड’ची चौकट निवडा. २०२१ च्या तिमाह्यांसाठी ईआरसीचा एक भाग १८ए ओळीत असतो आणि दुसरा २६ए मध्ये. पहिल्या स्तंभात शून्य. दुसऱ्या स्तंभात मूळ ९४१ वरचा आकडा नव्हे, तर मागच्या ९४१-एक्सनंतरचा सुधारलेला आकडा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण मूळ रिटर्नवर ईआरसी शून्यच असतो आणि शून्यातून शून्य वजा करून फॉर्म काहीच देणं लागत नाही असं दाखवतो. ३० व्या ओळीतला पात्र पगारही शून्य करा. ४३ व्या ओळीत चूक काय आणि ती कधी कळली हे साध्या वाक्यांत लिहा, रक्कम फॉर्मबरोबरच भरा. फॉर्मची कोणती आवृत्ती तुमच्या तिमाहीला लागू होते ते आयआरएसच्या सूचनांमध्ये बघा आणि ओळींचे क्रमांक तिच्याशी पडताळा. पात्रता खरी आहे, पण मालकांचे पगार किंवा पीपीपी या कोविड काळातल्या सरकारी कर्जाच्या माफीत आधीच धरलेले पगार चुकून मोजले गेलेत, असं असेल तरीही हाच रस्ता. ‘विथड्रॉन’च्या पद्धतीत क्लेम अंशतः मागे घेणं चालत नाही.

४ जुलै २०२५ च्या कायद्याने २०२१ च्या तिसऱ्या आणि चौथ्या तिमाहीचे, ३१ जानेवारी २०२४ नंतर भरलेले आणि तोवर न दिलेले क्लेम बंद झाले. त्या दोन तिमाह्यांच्या ईआरसीबाबत आयआरएसला मागे जाऊन तपासायला सहा वर्षं मिळाली आहेत. त्यामुळे आमच्या फायलीत सगळं तसंच ठेवलंय: तिन्ही ९४१-एक्सच्या प्रती, ‘विथड्रॉन’ लिहिलेली पानं, फॅक्सची पावती, हिरवी पोचपावती, बाद केलेल्या चेकची दोन्ही बाजूंची प्रत, ईएफटीपीएसचा व्यवहार क्रमांक, करारपत्र, आणि २०१९ ते २०२१ चे तिमाही जमेचे रिपोर्ट.